भिंतीपलीकडचा शेजारी

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या गावाला क्रिकेटच्या सामन्याचा निकाल साऱ्या जगाच्या आधी कळतो. ही बढाई नव्हे, साधी वस्तुस्थिती आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना चालू असला, की आमच्याकडे घरोघरी टीव्ही लागलेले असतात. पडद्यावर गोलंदाज अजून धावतच येत असतो आणि तेवढ्यात खिडकीतून प्रचंड गर्जना आत शिरते. विकेट पडलेली असते! आवाज हवेतून तीन-चार सेकंदांत आमच्या घरी पोचतो. चित्र बिचारं उपग्रहाची वारी करून येतं. त्यामुळे पडद्यावरचा चेंडू टप्पा पडायच्या आत आमच्या टाळ्या वाजून गेलेल्या असतात. पाहुणे बुचकळ्यात पडतात. आम्हांला त्याचं काही वाटत नाही. आम्ही स्टेडियमचे शेजारी आहोत ना!

गर्जनेइतकीच तिथली शांतताही आम्हांला ओळखता येते. भिंतीपलीकडे हजारो माणसं आहेत हे ठाऊक असतं आणि तरी एकाएकी काहीच ऐकू येईनासं होतं. मग समजायचं, आपला भरवशाचा फलंदाज गेला. अशा वेळी ओटीवर सुपारी कातरत बसलेली माझी आजी मान वर न करता विचारते, "आपले शेतान आज कोन खेलतंय गो?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. आधी त्याचं हसू यायचं. नंतर कंटाळा आला. महाविद्यालयात आल्यावर मात्र त्या प्रश्नाची भीती वाटू लागली. कारण त्यातला 'आपले' हा शब्द खरा की खोटा, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातून पनवेल-उरणकडे जाताना जी आगरी-कोळ्यांची गावं उंच इमारतींच्या मध्ये दडून बसलेली दिसतात, त्यांतलं ते एक. सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने सारखीच आहे. एके काळी इथे भाताची खाचरं होती, खाडीच्या काठाने मिठागरं होती. आगरी हे नावच आगरावरून पडलेलं. पावसात भात, उन्हाळ्यात मीठ आणि बारमाही खाडीची मासळी असा आमचा संसार होता. भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांध घालायचे आणि दर वर्षी ते डागडुजी करून राखायचे. आजी सांगते, बांध फुटला की रात्री-अपरात्री सारा गाव घमेली घेऊन धावायचा. तिथे माझं शेत, तुझं शेत असा भेद नसे. खारं पाणी एकाच्या शेतात शिरलं की शेजाऱ्याच्या शेतात शिरायला त्याला वेळ लागत नाही!

मुंबईची गर्दी कमी करायची तर खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६०च्या दशकात मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराचा आराखडा पसरला. पुढची हकीकत पुस्तकांतून आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन उभं राहिलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि ५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. आमच्या घरात या गोष्टी इतिहास म्हणून सांगितल्या जात नाहीत. लग्नकार्यात मोठी माणसं जमली, की जेवणं झाल्यावर आपसूक निघतात.

आमचं शेत नेमकं कुठे होतं, यावर मात्र घरात एकमत नाही. बाबा म्हणतात, ते महामार्गाच्या रस्त्याखाली गेलं. काका म्हणतात, नाही, ते रेल्वेच्या बाजूला होतं. आजीला या वादात रस नाही. तिच्या लेखी महामार्गापासून खाडीपर्यंत जे जे दिसतं ते सारं 'आपले शेत' आहे. त्यात स्टेडियम आलं, मॉल आला, रेल्वेचं स्थानकही आलं.

स्टेडियम उभं राहिलं ते २००८ साली. त्याच वर्षी १ जूनला पहिल्या आय. पी. एल.चा अंतिम सामना तिथे झाला आणि राजस्थानच्या संघाने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवलं. मी तेव्हा तीन वर्षांची होते. आठवतो तो फक्त उजेड. रात्र असून आमच्या गच्चीवर माणसांच्या सावल्या पडल्या होत्या, असं काहीतरी मनात राहिलं आहे. पुढे २०१७ साली फुटबॉलची १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आली. २०२२ साली त्याच वयोगटातल्या मुलींचा अंतिम सामना झाला आणि स्पेनच्या मुली जिंकल्या. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या महिला संघाने इथेच इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी धूळ चारली. जग आमच्या दारावरून असं ये-जा करत होतं. आम्ही दारात उभं राहून पाहत होतो.

शेजार म्हटला की सुख-दुःख दोन्ही आलंच. सामन्याच्या दिवशी दुपारपासून रस्त्यांवर लोखंडी अडसर लागतात. घरी जायला निघालेल्या माणसाला, आपण इथेच राहतो हे पटवून द्यावं लागतं. एकदा तर मी परीक्षेचा पेपर देऊन येत होते आणि अडसरापाशी उभ्या असलेल्या गृहस्थाने मला विचारलं, "तिकीट?" घरी जायचं तिकीट! मी हॉल तिकीट काढून दाखवलं. तो हसला, मीही हसले आणि त्याने सोडलं. पण घरी पोचेपर्यंत ते हसू कुठेतरी सांडून गेलं होतं.

तरी केवळ रडगाणं गाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. माझे बाबा रिक्षा चालवतात. सामन्याच्या रात्री ते पहाटे दोनपर्यंत घरी येत नाहीत आणि येतात तेव्हा चेहऱ्यावर थकवा असला तरी खिसा हसरा असतो. शेजारची काकी पोहे आणि वडापाव विकते. गावातली पोरं एका दिवसाच्या रोजावर सुरक्षारक्षक होतात, पाण्याचे खोके वाहतात, खुर्च्या पुसतात. सामना अर्ध्यावर असताना ती मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असतात. मागे षटकार जात असतो आणि यांनी वळून बघायचं नसतं! माझ्या एका मित्राने अशा रीतीने कितीतरी सामने 'पाहिले' आहेत. तो म्हणतो, "मी लोकांच्या तोंडावरून स्कोअर सांगतो."

खरी बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या पट्ट्यात टेनिसच्या चेंडूवरच्या क्रिकेटचं भारी वेड. गावोगावचे संघ, रात्री दिव्यांखाली होणाऱ्या स्पर्धा, मंडपात लाउडस्पीकरवरून समालोचन, आणि विजेत्याला माणसाच्या उंचीचा चषक! पण मैदानं एकेक करून नाहीशी झाली. जिथे माझा भाऊ खेळायला शिकला तिथे आज चौदा मजली इमारत आहे. उरलं ते गावदेवीच्या देवळामागचं एवढंसं पटांगण. आणि स्टेडियमवर सामना असला की त्या पटांगणात मोटारी लागतात. गावातलीच मुलं शिट्ट्या वाजवून त्या लावतात आणि गाडीमागे पैसे घेतात. त्यांना तरी काय बोलणार? परंतु हिशेब असा होतो, की ज्या दिवशी जगाचं क्रिकेट आमच्या दारात येतं, नेमकं त्याच दिवशी आमचं स्वतःचं क्रिकेट बंद असतं!

माझं क्रिकेट तर त्याआधीच बंद झालं होतं. दहा-अकरा वर्षांची असेपर्यंत मी मुलांबरोबर खेळायचे. यष्टीमागे उभी राहायचे. दिवेलागण झाली की आजी ओट्यावरून हाक मारायची. मला एकटीलाच. भाऊ खेळत राहायचा. एक दिवस मी विचारलं, "त्याला का नाही बोलवत?" त्यावर आजीने उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हाक लवकर येऊ लागली. हळूहळू मी जायचंच सोडलं. त्यात कुणी खलनायक नव्हता. जे तिच्या वाट्याला आलं होतं तेच ती मला देत होती.

आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी एकदा वर्गात ब्राझीलमधल्या रिओ शहराची हकीकत सांगितली होती. २०१६च्या ऑलिम्पिकसाठी जे क्रीडासंकुल बांधलं, त्याला लागून विला ऑटोड्रोमो नावाची कष्टकऱ्यांची वस्ती होती. जवळजवळ ६०० कुटुंबांची. शेवटी झगडून तिथे राहिली ती अवघी २० कुटुंबं. त्या लोकांनी पाडलेल्या घरांच्या अवशेषांतून विस्थापनाचं एक संग्रहालय उभं केलं. ते ऐकून मला आमच्या ओटीची आठवण झाली. सुपारी कातरत प्रश्न विचारणारी एक म्हातारी, हेच आमचं संग्रहालय.

मग २०२५ साल उजाडलं. महिलांच्या विश्वचषकाचे सामने आधी नेरुळला होणारच नव्हते. ते बंगळुरूला व्हायचे होते. पण ४ जून २०२५ रोजी तिथल्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ११ माणसं प्राणांस मुकली. पुढे बंगळुरूचं नाव वगळून नवी मुंबईची निवड झाली. गावात ही बातमी आली तेव्हा सगळे खूश झाले. मला मात्र ते ११ जण आठवत राहिले. ते दाराबाहेर होते. आत सत्कार चालला होता. कुठल्याही स्टेडियमची खरी परीक्षा आत किती माणसं बसतात यावर नसते. दाराबाहेरच्या माणसाची वास्तपुस्त तिथे कोण करतं, यावर असते, असं मला तेव्हापासून वाटू लागलं आहे.

साखळी सामन्यांची तिकिटं १०० रुपयांपासून होती. २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती आणि त्याच दिवशी भारत-न्यूझीलंड सामना होता. ओवाळणीच्या ताटात भावाने दोन तिकिटं टाकली. एक माझं. दुसरं कुणाचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आजीला ने. एकदा बघू दे आपलं शेत!"

आजी आधी नाहीच म्हणाली. मग नवी साडी नेसून, अंबाडा घालून अर्धा तास आधीच तयार होऊन बसली. दारापाशी तपासणीत तिच्या चंचीत अडकित्ता सापडला. तो आत नेता येत नव्हता. तपासणारा रक्षक आमच्याच आळीतला मुलगा निघाला. बिचारा इतका ओशाळला! "आजी, माज्याकरं ठेव. जातांना देतो," असं म्हणून त्याने तो बाजूला आपल्या पिशवीत ठेवला. अशा रीतीने आजी जन्मात प्रथमच त्या भिंतीच्या आत गेली.

जिन्याच्या पायऱ्या चढून आम्ही वर आलो आणि ते हिरवंगार मैदान एकदम समोर उघडलं. आजी थबकली. मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार. मी तशी तयारीही करून ठेवली होती. पण आजी कसली! तिने कपाळावर हात आडवा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, "एवरी मोठी जागा, न एक दाना पिकत नाय!" पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं.

मग मात्र ती खेळात रमली. स्मृती मंधाना आणि प्रतिका रावल यांनी सलामीला २१२ धावांची भागीदारी केली. दोघींची शतकं झाली. स्मृती सांगलीची, हे सांगितल्यावर आजीने तिची बाजू घेऊन टाकली. पाऊस आला, थांबला, खेळ पुन्हा सुरू झाला. दिवे पेटले. त्या लख्ख उजेडात मुली धावत होत्या, झेपावत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. आजी बराच वेळ गप्प होती. शेवटी माझ्याकडे न बघताच पुटपुटली, "सांज झाली, न यांना घरा कोनी बोलवत नाय."

हे तिने कौतुकाने म्हटलं, की आश्चर्याने, की आणखी कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही. मीही काही बोलले नाही. आम्ही दोघी समोर बघत राहिलो. भारत ५३ धावांनी जिंकला. बाहेर येताना आजीने आठवणीने अडकित्ता मागून घेतला.

पुढचं सर्वांना माहीत आहे. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. २ नोव्हेंबरचा रविवार अंतिम सामन्याचा. पावसाने खेळ दोन तास उशिरा सुरू झाला. पटांगणात मोटारी खचाखच भरल्या होत्या. आमच्याकडे तिकिटं नव्हती. ओटीवर टीव्ही आणून ठेवला होता आणि आळीतल्या साऱ्या बायका जमल्या होत्या. शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८; आपल्या २९८. मग दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वुलव्हार्टने शतक ठोकलं आणि भिंतीपलीकडची ती ओळखीची शांतता पसरली. अमनज्योतच्या हातांत तिचा झेल उडत-उडत विसावला, त्याची गर्जना आम्हांला पडद्याआधी कळली. आणि मध्यरात्रीच्या सुमारास, पडद्यावर दीप्ती अजून चेंडू टाकायला वळलीही नव्हती, तेव्हा खिडकीतून असा आवाज आला की भांड्यांच्या मांडणीवरचे पेले थरथरले. आजीने टीव्हीकडे बघायची वाटच पाहिली नाही. "जिंकल्या!" ती म्हणाली. काही सेकंदांनी हरमनप्रीतने तो झेल घेतला आणि ही बातमी उरलेल्या जगाला कळली.

आळीतल्या मुली ओरडत बाहेर पळाल्या. आठ-दहा वर्षांच्या, बारा-चौदा वर्षांच्या. कुणाच्या हातात बॅट, कुणाच्या हातात नुसतंच धुणं धुवायचं धोपाटणं! पटांगणात तर जागा नव्हती. मोटारींच्या दोन रांगांमधल्या फटीत त्यांचा खेळ सुरू झाला. रात्रीचे बारा वाजून गेले होते. मी आजीकडे पाहिलं. ती ओट्यावर उभी होती. तिने हाक मारली नाही.

सकाळी पटांगणाची दशा बघवत नव्हती. पावसाने ओल्या झालेल्या मातीत चाकांचे खोल चर पडले होते. बाटल्या, कागदी झेंडे, चुरगळलेल्या टोप्या. त्या मुली तिथे हिरमुसून उभ्या होत्या. आम्ही कचरा गोळा करू लागलो. तेवढ्यात आजी आली. तिच्या हातात माळ्यावरून काढलेलं जुनं चोपणं होतं. पूर्वी भात झोडपायच्या आधी खळं तयार करायचे, त्याची जमीन ज्याने चोपायचे ते. खळं कसं करायचं, हे तिने त्या दिवशी आम्हांला शिकवलं. आधी माती मोकळी करायची, खडे वेचायचे, पाणी मारून ती मुरू द्यायची, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने चोपत जायचं. घाई करायची नाही. ओली असताना चोपली तर माती चोपण्याला चिकटते, पार वाळल्यावर चोपली तर फुटते. स्टेडियमवर खेळपट्टी राखणारे लोक याहून निराळं काय करत असतील? दोन दिवसांत बावीस यार्डांची गुळगुळीत पट्टी तयार झाली. कडेने मुलांनी चार मोठे दगड आणून ठेवले आणि गाड्या लावणाऱ्या पोरांनी कबूल केलं, की पुढच्या सामन्याला गाड्या या दगडांच्या बाहेर लागतील.

स्टेडियमला आमचं नाव माहीत नाही, आणि त्याने आमच्यावर उपकार करावेत अशी माझी मागणीही नाही. पण शेजारधर्म नावाची एक गोष्ट आमच्या बांधांवर पूर्वी पाळली जात होती. जो मोठा, ज्याचं शेत वरच्या अंगाला, त्याने खालच्याकडे पाणी सोडताना आधी हाक द्यायची. एवढं मोठं खेळाचं मैदान ज्या गावांच्या शेजारी उभं राहतं, त्या गावांत खेळायला एकेक मैदान शिल्लक राहावं. सामन्याच्या दिवशी घरी जाणाऱ्याला तिकीट विचारू नये. पाठ करून उभ्या राहणाऱ्या पोरांनी एखाद्या दिवशी तोंड फिरवून खेळ पाहावा. ही काही फार मोठी मागणी नाही. आणि भिंतीच्या आतून बाहेर आलेली एक गोष्ट मात्र मी मनापासून मान्य करते. त्या रात्री आमच्या आळीतल्या एकाही मुलीला कुणी घरी बोलावलं नाही, ती भिंतीपलीकडच्या अकरा मुलींची देणगी होती.

परवा संध्याकाळी आम्ही त्या पट्टीवर खेळत होतो. मी कितीतरी वर्षांनी यष्टीमागे उभी होते. दिवेलागण झाली होती. काठी टेकत आजी देवळाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच तिने सवयीप्रमाणे ओरडून विचारलं, "आपले शेतान आज कोन खेलतंय गो?"

मी ओरडून सांगितलं, "आम्ही!"